मत्स्यपेटी : काचेची जाडी व पाण्याचा दाब

मासे, जलवनस्पती व इतर जलचर घरात ठेवून पाहण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या काचेच्या टाकीस मत्स्यपेटी म्हणतात. अशा अनेक टाक्या सार्वजनिक प्रदर्शनासाठी जेथे मांडलेल्या असतात, त्या वास्तूला मत्स्यालय ही संज्ञा आहे. मत्स्यपेटीच्या काचेला दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात. आतील दृश्य स्पष्ट दिसावे व पेटी फार जड होऊ नये म्हणून ती पातळ असणे इष्ट असते. उलट पाण्याचा दाब अहोरात्र व वर्षानुवर्षे सहन करणारी भिंत या नात्याने ती जाड असणे आवश्यक असते. लहान पेटीत हा विरोध फारसा जाणवत नाही. पेटीची उंची ५०–६० सेंमी. पेक्षा वाढली म्हणजे मात्र काचेची जाडी हा सुरक्षिततेचा प्रश्न बनतो. मोठ्या पेटीची काच फुटल्यास शेकडो लिटर पाणी काही क्षणांत घरात पसरते, जलचर मरतात आणि जवळच्या माणसांना तुकड्यांमुळे गंभीर इजा होऊ शकते. काच किती जाड असावी या प्रश्नाचे उत्तर गेल्या सु. चारशे वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळत गेले. त्यातील पाण्यासंबंधीचा भाग सतराव्या शतकातच स्पष्ट झाला होता. काचेसंबंधीचा भाग मात्र विसाव्या शतकापर्यंत नीट उलगडला नव्हता.

पाण्याच्या दाबाचे ज्ञान : फ्लेमिश गणितज्ञ व अभियंते सीमॉन स्टेव्हिन (१५४८–१६२०) यांनी १५८६ मध्ये लायडन येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पाण्याचा दाब त्याच्या खोलीवर अवलंबून असतो, पात्राच्या आकारावर किंवा पाण्याच्या एकूण राशीवर नाही, हे तत्त्व मांडले. फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्काल (१६२३–६२) यांचा द्रवांच्या समतोलावरील प्रबंध त्यांच्या निधनानंतर १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे त्यात प्रयोगांच्या आधारे स्पष्ट केलेले होते. मत्स्यपेटीचा हिशेब आजही याच दोन तत्त्वांवर आधारलेला आहे.

गोड्या पाण्यात खोली १ सेंमी. ने वाढली की दाब दर चौ. सेंमी.ला सु. १ ग्रॅम वजनाइतका वाढतो. म्हणजे ६० सेंमी. खोल पेटीत पृष्ठभागाशी हा दाब शून्य, तर तळाशी दर चौ. सेंमी.ला ६० ग्रॅम इतका असतो. सरासरी ३० ग्रॅम येते. अशा पेटीची पुढची काच १८० सेंमी. लांब असेल, तर तिच्यावरील एकूण रेटा सु. ३२४ किग्रॅ. वजनाइतका भरतो. हा रेटा काचेच्या मध्यावर नव्हे, तर तळापासून एकतृतीयांश उंचीवर एकवटल्यासारखा कार्य करतो. पेटीची पुढून मागे रुंदी ३० सेंमी. असो वा ६० सेंमी., म्हणजे पाणी ३२४ लि. असो वा ६४८ लि., पुढच्या काचेवरील रेटा तेवढाच राहतो. याउलट लांबी तीच ठेवून खोली ६० सेंमी. वरून ९० सेंमी. केली, तर रेटा ३२४ किग्रॅ. वरून ७२९ किग्रॅ. वर जातो. जास्त पाण्याला जास्त जाड काच लागते ही सर्वसाधारण समजूत या कारणाने चुकीची ठरते. जाडी ठरविताना प्रथम खोली पाहावी लागते.

पहिल्या काचपेट्या : मासे पाळण्याची प्रथा फार प्राचीन असली, तरी त्यासाठी दगडी कुंड, तलाव व चिनी मातीची भांडी वापरली जात आणि मासे वरून पाहिले जात. बाजूने पाहण्यासाठी काचेचे गोल भांडे प्रचारात आले. या भांड्याची भिंत वक्र असल्याने पाण्याचा दाब तिच्यात सर्वत्र सारखा विभागला जातो व फारसे वाकणे घडत नाही. म्हणून ते पातळ असूनही टिकते. सपाट काचेची पेटी करताच मात्र दाबामुळे काच बाहेरच्या बाजूस वाकते आणि तिच्या बाहेरील पृष्ठावर ताण निर्माण होतो. काच संपीडन चांगले सहन करते. ताण मात्र तिला सोसत नाही. जाडीचा प्रश्न सपाट काचेबरोबर उद्‍भवला तो या कारणाने.

झान व्हिलप्रो-पॉवर (१७९४–१८७१) या फ्रेंच संशोधिकेने १८३२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे सागरी मृदुकाय प्राण्यांच्या अभ्यासासाठी काचेच्या पेट्या तयार करविल्या. लंडनमध्ये नथॅन्येल बॅगशॉ वॉर्ड (१७९१–१८६८) यांच्या वनस्पतींसाठीच्या बंद काचपेट्या तोपर्यंत लोकप्रिय होऊ लागल्या होत्या. रॉबर्ट वॉरिंग्टन (१८०७–६७) या रसायनशास्त्रज्ञांनी मासे, पाणवनस्पती व गोगलगायी यांचा समतोल साधल्यास पाणी वारंवार न बदलताही जलचर जगतात, असे १८५० मध्ये जाहीर केले. लंडनच्या रीजंट्स पार्क प्राणिसंग्रहालयातील मत्स्यगृह १८५३ मध्ये खुले झाले आणि फिलिप हेन्री गॉस (१८१०–८८) यांच्या १८५४ मधील ग्रंथामुळे या छंदाची लाट इंग्लंडभर पसरली.

या लाटेला आर्थिक कारणही होते. ब्रिटनमध्ये १७४६ पासून काचेवर वजनानुसार अबकारी कर आकारला जात असे. त्यामुळे जाड काच दुहेरी महाग पडे. हा कर १८४५ मध्ये रद्द झाला व मध्यमवर्गीय घरांना मोठ्या आकाराची काच परवडू लागली. त्या काळातील पेटीला सामान्यतः पाटीच्या दगडाचा तळ आणि लोखंडाची किंवा लाकडाची चौकट असे. चौकटीच्या खाचेत काच बसवून सांधे पुट्टीने भरीत. पुट्टीत बहुधा जवसाचे तेल व शेंदूर यांसारखी शिशाची संयुगे असत. ही पुट्टी कालांतराने वाळून कडक होई. पेटी रिकामी केली की ती आकसून भेगाळे व पुन्हा पाणी भरताच गळती लागे. खाऱ्या पाण्यात लोखंड गंजून फुगे व काचेच्या कडेवर दाब देई. शिवाय शिशाची संयुगे पाण्यात उतरून जलचरांना अपाय करीत. काचेची जाडी कारागीर अनुभवाने ठरवीत. जर्मन भौतिकीविज्ञ गुस्टाफ किरखोफ (१८२४–८७) यांनी पातळ पट्टाच्या वाकण्याचे गणित १८५० मध्येच, म्हणजे वॉरिंग्टन यांचे प्रयोग जाहीर झाले त्याच वर्षी, मांडले होते. परंतु ते पेट्या तयार करणाऱ्यांच्या उपयोगाच्या स्वरूपात येण्यास पुढे बराच काळ जावा लागला.

सार्वजनिक मत्स्यालये : हौशी लोकांची लाट ओसरत असताना सार्वजनिक मत्स्यालये उभी राहिली. इंग्लंडमधील विल्यम ऑल्फर्ड लॉइड यांचा हँबर्ग (१८६४) व लंडनजवळील क्रिस्टल पॅलेस (१८७१) येथील मत्स्यालयांच्या रचनेत मोठा वाटा होता. ब्रायटन येथील मत्स्यालय १८७२ मध्ये सुरू झाले, त्यातील सर्वांत मोठी टाकी १०० फुटांहून (सु. ३० मी.) अधिक लांब होती. आंटोन डोर्न (१८४०–१९०९) यांनी नेपल्स येथे स्थापन केलेल्या प्राणिवैज्ञानिक केंद्राचे मत्स्यालय १८७४ मध्ये लोकांसाठी खुले झाले. या वास्तूंत टाकीच्या तीन बाजू दगडी बांधकामाच्या असत व केवळ दर्शनी बाजूस काच असे. लांब टाकीचा दर्शनी भाग दगडी वा लोखंडी खांबांनी विभागून प्रत्येक खणात स्वतंत्र जाड काच बसविण्यात येई. काचेचा आधाराविना राहणारा विस्तार कमी केल्यास तीच काच अधिक दाब सहन करते, हे बांधणाऱ्यांना अनुभवाने ठाऊक होते. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयामुळे महाराष्ट्रातील सामान्य लोकांना काचेआडच्या सागरी जीवसृष्टीचा परिचय झाला.

काचेच्या बळाचा शोध : पोलाद किंवा लाकूड यांचे बळ मोजून त्यावरून भार ठरविता येतो. काचेच्या बाबतीत ही पद्धत विश्वसनीय ठरेना. एकाच कारखान्यातील, एकाच जाडीच्या काचा फार भिन्न भारांखाली फुटत. काही काचा भार घालताच न फुटता बऱ्याच वेळाने फुटत. फ्रेंच संशोधक ग्रेने यांनी १८९९ मध्ये या विलंबित भंगाची नोंद केली.

या कोड्याची उकल इंग्रज अभियंते ॲलन आर्नल्ड ग्रिफिथ (१८९३–१९६३) यांनी केली. त्यांचा निबंध १९२१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. ग्रिफिथ यांनी निरनिराळ्या जाडीचे काचतंतू ओढून त्यांचे बळ मोजले. सु. १ मिमी. जाडीचा तंतू दर चौ. मिमी.ला सु. १७० न्यूटन ताणाखाली तुटला, तर ०·००३ मिमी. जाडीच्या तंतूला तोडण्यास सु. ३,४०० न्यूटन ताण लागला. द्रव्य तेच असता बळात वीसपट फरक पडण्याचे कारण काचेच्या पृष्ठावरील अतिसूक्ष्म तडे होय, असे त्यांनी दाखवून दिले. तड्याच्या टोकाशी ताण एकवटतो व विशिष्ट मर्यादेनंतर तडा स्वतःच्या गतीने वाढत जातो. धातूत असा एकवटलेला ताण धातू थोडा ताणला जाऊन सैलावतो. काचेत तशी सोय नाही. म्हणून काचेचे बळ हे केवळ तिच्या द्रव्याचे नसून तिच्या पृष्ठभागाच्या स्थितीचे बळ आहे, असा या शोधाचा निष्कर्ष होता.

विलंबित भंगाचे कारण पाणी असल्याचे त्यानंतर स्पष्ट होत गेले. अमेरिकन संशोधक शेल्डन वीडरहॉर्न यांनी १९६७ मध्ये सोडा-चुना काचेतील तड्यांची वाढ हवेतील आर्द्रतेनुसार बदलते, हे मोजून दाखविले. ताणाखालील तड्याच्या टोकाशी पाण्याचे रेणू सिलिकॉन-ऑक्सिजन बंध तोडतात व तडा हळूहळू पुढे सरकतो. काही सेकंद जो भार काच सहज पेलते, तोच भार वर्षानुवर्षे राहिल्यास ती फुटू शकते. मत्स्यपेटीत भार कधीच उतरत नाही आणि आर्द्रता सदैव असते. त्यामुळे पेटी भरून एक दिवस टिकली म्हणजे ती सुरक्षित आहे, असे अनुमान काढता येत नाही.

जाडीचे गणित : अमेरिकन अभियंते रेमंड रोर्क (१८९०–१९६६) यांनी १९३८ मध्ये प्रतिबलांच्या सूत्रांचा संदर्भग्रंथ प्रसिद्ध केला. स्टीव्हन टिमोशेंको (१८७८–१९७२) यांचा पट्ट व कवच यांच्या सिद्धांतावरील ग्रंथ १९४० मध्ये आला. तळाकडे वाढत जाणाऱ्या द्रवदाबाखाली आयताकार पट्ट कसा वाकतो, यासाठी या प्रकारच्या ग्रंथांतून कोष्टके उपलब्ध झाली. मत्स्यपेटीच्या जाडीचे आजचे हिशेब त्यांवरच आधारलेले आहेत.

या हिशेबातील मुख्य संबंध सोपा आहे. काचेतील कमाल ताण हा दाबाच्या व उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. दाब स्वतः उंचीवर अवलंबून असल्याने ताण उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून लांबी व उंची यांचे गुणोत्तर तेच ठेवून उंची दुप्पट केल्यास जाडी दुप्पट करून भागत नाही, ती सु. २·८ पट करावी लागते. नेहमीच्या काचेचे भंगबल दर चौ. मिमी.ला सु. १९ न्यूटन धरून त्यास ३·८ या सुरक्षा गुणकाने भागण्याची पद्धत रूढ आहे. म्हणजे प्रत्यक्षात सु. ५ न्यूटन इतकाच ताण ग्राह्य मानतात. वरची कड मोकळी असलेल्या व लांबी उंचीच्या दुप्पट असलेल्या पेटीसाठी या रीतीने ३० सेंमी. उंचीला सु. ४ मिमी., ४५ सेंमी.ला सु. ७·५ मिमी., ६० सेंमी.ला सु. ११·५ मिमी. व ९० सेंमी.ला सु. २१ मिमी. जाडी येते. प्रत्यक्षात या अंकांपुढील बाजारी जाडी निवडतात. लांबीचा परिणाम तुलनेने मर्यादित असतो. ६० सेंमी. उंचीच्या पेटीची लांबी १२० सेंमी. वरून १८० सेंमी. केली, तर जाडी सु. १ मिमी. नेच वाढते. लांबी उंचीच्या तिपटीहून अधिक झाल्यावर ती जवळजवळ वाढतच नाही.

३·८ हा सुरक्षा गुणक अनावश्यक वाटण्याचा संभव असतो, कारण त्याहून पातळ काचेच्या पेट्याही पुष्कळदा टिकलेल्या दिसतात. परंतु नवी, निर्दोष काच व दहा वर्षे साफसफाईत घासली गेलेली, कडेला किंचित टवका उडालेली काच यांच्या बळात जो फरक असतो, त्याची भरपाई या गुणकातूनच होते. भारदीर्घतेमुळे येणारी घटही त्यातच धरलेली असते. वाळूचा कण अडकलेल्या स्पंजाने पडलेला एक ओरखडाही पातळ काचेची सारी शिल्लक संपवू शकतो.

फ्लोट काच व सिलिकोन : विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठ्या पेट्यांसाठी ओतीव काच लागे. ती दोन्ही बाजूंनी घासून व झिलई करून सपाट करावी लागत असल्याने महाग असे. ओढून केलेली तावकाच स्वस्त असली, तरी तिच्यात लहरी असत. ॲलिस्टर पिल्किंग्टन (१९२०–९५) व त्यांचे सहकारी यांनी विकसित केलेली फ्लोट पद्धत १९५९ मध्ये जाहीर झाली. या पद्धतीत वितळलेली काच वितळलेल्या कथिलावर तरंगत पसरते व दोन्ही बाजू आपोआप सपाट होतात. कथिलावर मुक्तपणे पसरलेल्या काचेची स्वाभाविक जाडी सु. ६–७ मिमी. भरते; पसरण्यावर नियंत्रण ठेवून ती कमीजास्त करता येते. त्यामुळे ४, ५, ६, ८, १०, १२, १५ व १९ मिमी. अशा ठराविक जाडीची एकसारखी काच सर्वत्र मिळू लागली. [⟶ काच].

दुसरा बदल सांध्यात झाला. सिलिकोनांच्या रसायनशास्त्राचा पाया इंग्रज रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक स्टॅन्ली किपिंग (१८६३–१९४९) यांनी घातला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत त्यांचे औद्योगिक उत्पादन सुरू झाले. हवेतील आर्द्रतेने घट्ट होणारी सिलिकोन लुकणे १९६० नंतरच्या दशकात मत्स्यपेट्यांसाठी वापरात आली. ती काचेला पक्की चिकटतात व रबराप्रमाणे लवचीक राहतात. घट्ट होताना काही प्रकारांतून ॲसिटिक अम्ल बाहेर पडत असल्याने व्हिनेगरसारखा वास येतो. यांमुळे लोखंडी चौकट, गंज व शिसेयुक्त पुट्टी ही तिन्ही नाहीशी झाली आणि केवळ काचेची पेटी शक्य झाली. मात्र पूर्वी चौकट जो भार घेत असे तो आता सांध्यांवर व काचेवर पडू लागला. विशेषतः वरची कड मोकळी राहिल्याने तेथे लांब काच सर्वांत जास्त फुगते व सांधा सोलल्यासारखा ताणला जातो. यावर उपाय म्हणून वरच्या कडेस आतून काचेच्या आडव्या पट्ट्या चिकटवितात व लांब पेटीत पुढील आणि मागील काचांना जोडणारी पट्टी मध्यभागी बसवितात.

कठिणीकृत काच व ॲक्रिलिक : काच तापवून एकदम थंड केल्यास तिच्या पृष्ठावर संपीडन साठून राहते व तिचे बळ वाढते. या कठिणीकृत काचेला नंतर कापता किंवा भोक पाडता येत नाही. ती फुटते तेव्हा संपूर्ण तावाचे बारीक तुकडे होतात व सारे पाणी एकदम बाहेर पडते. साध्या काचेला गेलेल्या तड्यातून मात्र काही वेळा केवळ गळती होऊन सावध होण्यास अवधी मिळतो. दोन ताव मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा घालून जोडलेल्या स्तरित काचेत एक ताव तडकला, तरी दुसरा काही काळ पाणी धरून ठेवू शकतो.

सार्वजनिक मत्स्यालयांत काचेची जागा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ॲक्रिलिकने घेतली. हे प्लॅस्टिक काचेच्या निम्म्याहूनही कमी वजनाचे असून त्याचे ताव जोडून हवी तेवढी जाडी करता येते. पण ते काचेपेक्षा सु. वीसपट अधिक वाकते व त्यावर ओरखडे लवकर पडतात. जपानमधील ओकिनावा येथे २००२ मध्ये सुरू झालेल्या मत्स्यालयातील एक ॲक्रिलिक भिंत २२·५ मी. लांब, ८·२ मी. उंच व ६० सेंमी. जाड आहे. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयातही २०१५ च्या नूतनीकरणात ॲक्रिलिकचा बोगदा बसविण्यात आला होता.

जाडी पुरेशी असली म्हणजे धोका संपतो असे नाही, हे बर्लिनमधील घटनेने दिसून आले. तेथील एका हॉटेलात २००३ मध्ये उभारलेले, सु. १० लाख लि. पाण्याचे दंडगोलाकार मत्स्यालय १६ डिसेंबर २०२२ रोजी पहाटे फुटले. दोघांना इजा झाली व सु. १,५०० माशांपैकी बहुतेक मेले. लोकांची वर्दळ सुरू होण्यापूर्वी हे घडल्याने मनुष्यहानी टळली. तज्ञांच्या तपासणीत सांध्याचा बिघाड, नूतनीकरणाच्या वेळी पडलेली खाच आणि टाकी रिकामी असताना ॲक्रिलिक कोरडे पडणे, अशा शक्यतांचा विचार झाला. निश्चित कारण सिद्ध होऊ शकले नाही.

घरगुती पेटीच्या बाबतीत या इतिहासाचा व्यावहारिक अर्थ मर्यादित पण महत्त्वाचा आहे. पुट्टी गळण्याचा दोष सिलिकोनने व असमान काचेचा दोष फ्लोट पद्धतीने दूर केला. तेव्हा दुर्बल जागा सांधा, कड व बैठक यांकडे सरकली. पूर्ण भरलेल्या ६४८ लि. पेटीत केवळ पाण्याचेच वजन ६४८ किग्रॅ. असते. खालचा पाट एका कोपऱ्यात थोडा जरी उंच असला, तरी काचेला पीळ पडतो व तो ताण जाडीच्या हिशेबात धरलेला नसतो. म्हणून पेटी समपातळीत ठेवणे, तिच्याखाली थर्मोकोलसारखा मऊ थर घालणे, काचेच्या कडा घासून घेणे आणि ओरखडा किंवा टवका दिसताच पाण्याची पातळी उतरविणे या गोष्टी योग्य जाडीइतक्याच आवश्यक ठरतात. पाण्याची पातळी थोडी कमी करणे हा त्यांतील सर्वांत सोपा उपाय होय. ६० सेंमी. ऐवजी ५० सेंमी. पाणी ठेवल्यास त्याच काचेवरील रेटा सु. तीस टक्क्यांनी कमी होतो.